एचआयव्ही आणि स्थलांतरितांच्या घरातला अबोला

ठाण्याहून कल्याणकडे धावणाऱ्या लोकलच्या डब्यात, दाराशेजारच्या पत्र्यावर चिकटवलेले छोटे कागद प्रवाशांच्या नजरेला सरावाचे झाले आहेत. 'गुप्तरोगावर हमखास इलाज' असे आश्वासन आणि खाली एक भ्रमणध्वनी क्रमांक. नुकतेच वाचायला शिकलेले मूल डब्यातील प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत जाते. या कागदापाशी ते आले, की आई त्याला खिडकीबाहेरची खाडी दाखवते आणि वडील वर्तमानपत्र उघडतात. कागदावर काय लिहिले आहे ते मुलाला कळत नाही. हा शब्द घरात विचारायचा नसतो, एवढे मात्र त्याला पक्के कळते. लैंगिक आरोग्याविषयी त्याला मिळालेला हा पहिला धडा असतो आणि बहुतेक घरांत तोच अखेरचाही ठरतो.

अशी घरे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात मोठ्या संख्येने आहेत, कारण ही शहरेच मुळी बाहेरून आलेल्यांनी वसवली आणि वाढवली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर होती. अविभाजित ठाणे जिल्हा तर १ कोटी १० लाख लोकसंख्येसह देशात पहिला होता. कोकणातून आलेला चाकरमानी, साताऱ्याकडचा माथाडी, खानदेशातून कल्याणला उतरलेले कुटुंब, भिवंडीच्या यंत्रमागावरचे तेलुगू आणि उत्तर भारतीय विणकर, फाळणीनंतर उल्हासनगरला आलेले सिंधी, अशा साऱ्यांची दुसरी-तिसरी पिढी आज येथे वाढत आहे. या पिढीला शाळा मिळाली, मोबाइल मिळाला. पण शरीराविषयी विश्वासाने सांगणारे माणूस मिळाले का, हा प्रश्न मागे राहिला आहे. एचआयव्हीच्या संदर्भात त्याचे उत्तर अत्यंत महत्त्वाचे ठरते.

लक्ष पुरुषावर, पत्नी दुर्लक्षित

भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रास शहरात आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच 'नॅको' स्थापन झाली. स्थलांतर आणि हा संसर्ग यांचा संबंध लवकरच ध्यानात आला. हा संबंध नीट समजून घेणे आवश्यक आहे. स्थलांतरामुळे विषाणू निर्माण होत नाही आणि परगावचा माणूस म्हणजे रोगाचा वाहक, असेही नाही. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणे, एका खोलीत दहा-बारा जणांचा मुक्काम, हातात रोख मजुरी, सोबतीला मद्य आणि विचारपूस करणारे कोणी नाही, या परिस्थितीत असुरक्षित संबंधांची शक्यता वाढते. धोका परिस्थितीत असतो. माणसाच्या गावात, भाषेत वा जातीत नसतो.

म्हणूनच 'नॅको'ने स्थलांतरितांसाठी काम करताना तीन टप्पे मानले. माणूस जेथून निघतो ते गाव, ज्या स्थानकातून वा तळावरून जातो ते ठिकाण आणि जेथे काम करतो ते शहर. सणासुदीला गावी परतणाऱ्यांसाठी तेथेच आरोग्य शिबिरे घेण्याची कल्पनाही यातूनच पुढे आली. भिवंडीची गोदामे, मालमोटारींचे तळ, मजुरांचे नाके येथे पथनाट्ये झाली, निरोध वाटले गेले, तपासण्या झाल्या. या कामाचे मोल मोठे आहे.

तथापि या साऱ्या प्रयत्नांच्या केंद्रस्थानी कामावरचा पुरुष होता. त्याची गावी राहिलेली वा काही वर्षांनी शहरात आलेली पत्नी या वर्तुळाच्या बाहेरच राहिली. तिची पहिली तपासणी अनेकदा होते ती गरोदरपणी, कारण प्रसूतिपूर्व तपासण्यांत एचआयव्हीची चाचणी समाविष्ट असते. परिणामी घरात संसर्ग प्रथम उघड होतो तो तिच्या अहवालातून. पती तोवर तपासलेलाच नसतो. मग 'हिनेच आणला' हा निष्कर्ष काढायला सासरला वेळ लागत नाही. तपासणीचा क्रम आणि संसर्गाचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही साधी बाब ठाऊक नसल्याने एखादी निर्दोष स्त्री घराबाहेर काढली जाऊ शकते.

बलबीर पाशाची आठवण

या महानगराने एचआयव्हीविषयी उघडपणे बोलण्याचा एक मोठा प्रयोग पाहिला आहे. २००२ च्या अखेरीस मुंबई आणि उपनगरांत बलबीर पाशा नावाच्या काल्पनिक इसमाच्या जाहिराती झळकल्या. त्याला एड्स होईल का, असा प्रश्न फलकांवरून विचारला जाई. 'पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल' या संस्थेच्या या मोहिमेने तीन समजुतींवर बोट ठेवले होते. दारूच्या नशेत एखाद्या वेळी निरोध राहिला तर काही बिघडत नाही, नेहमी एकाच स्त्रीकडे गेल्यास धोका नसतो आणि दिसायला निरोगी असलेल्या व्यक्तीला संसर्ग नसतो, अशा त्या समजुती. तिन्ही चुकीच्या आहेत आणि तिन्ही आजही ऐकू येतात.

मोहिमेवर टीकाही झाली. जाहिरातींतील वेश्याव्यवसायातील स्त्रीचे चित्रण संसर्गाचे खापर तिच्यावर फोडणारे आहे, असा आक्षेप स्त्री संघटनांनी घेतला. त्यात तथ्य होते. पण आणखी एक उणीव होती. रस्त्यावर, फलाटावर, पानाच्या ठेल्यावर बलबीर पाशाची चर्चा झाली. घरातल्या जेवणाच्या ताटांभोवती मात्र झाली नाही. जाहिरात उंबरठ्यापर्यंत पोहोचते. आतले बोलणे घरातल्यांनाच करावे लागते.

शब्दच नाहीत

हे बोलणे का होत नाही? केवळ लाज हे उत्तर अपुरे आहे. मुलीची पहिली पाळी 'कावळा शिवला' या आडपडद्याने सांगणारी, उपदंशाला 'गरमी' आणि प्रमेहाला 'परमा' म्हणणारी मराठी काही मुकी नव्हती. गावच्या एकत्र कुटुंबात हे विषय बोलण्याची माणसे ठरलेली असत. आई सांगत नसे, पण आजी, आत्या, मामी वा थोरली वहिनी थट्टेच्या निमित्ताने का होईना, चार गोष्टी कानावर घालत असे. मुलग्यांना थोरला चुलतभाऊ सांगे. त्या माहितीत अज्ञान आणि अंधश्रद्धा भरपूर होत्या, परंतु विचारण्याची जागा होती.

दिव्यातील चाळीत वा कल्याण पूर्वेच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्थिरावलेल्या कुटुंबाने ही माणसे गावी ठेवली. त्यांची जागा कोणी घेतली नाही. आईवडिलांना वाटते, शाळेत शिकवतील. शिक्षकांना वाटते, घरी सांगतील. त्यात भाषेची आणखी एक अडचण उभी राहते. घरी अहिराणी, मालवणी, भोजपुरी वा तेलुगू बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी वा इंग्रजी शिकते. पुस्तकातला 'जननेंद्रिय' हा शब्द त्याला परका वाटतो, गल्लीतला शब्द शिवी असतो आणि घरातला शब्द अस्तित्वातच नसतो. ज्या अवयवाला सभ्य नाव नाही, त्याला होणारे दुखणे मूल कोणाला आणि कसे सांगणार? मग डब्यातील कागदावरचा तो भ्रमणध्वनी क्रमांक उपयोगी पडतो आणि भोंदू 'डॉक्टर' तरुणाची भीती व खिसा दोन्ही ताब्यात घेतो. लैंगिक संसर्गावर वेळेत योग्य उपचार न झाल्यास एचआयव्हीचा धोका वाढतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अज्ञानाचे हे प्रमाण आकड्यांतही दिसते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीविषयी 'समग्र ज्ञान' देशातील सुमारे २२ टक्के स्त्रियांना आणि सुमारे ३१ टक्के पुरुषांनाच असल्याचे आढळले. समग्र ज्ञान म्हणजे काही वैद्यकीय पांडित्य नव्हे. निरोधाचा नियमित वापर व एकाच संसर्गमुक्त जोडीदाराशी निष्ठा यांमुळे धोका कमी होतो, निरोगी दिसणाऱ्यासही संसर्ग असू शकतो आणि दोन प्रचलित गैरसमज खोटे आहेत, इतके माहीत असणे म्हणजे समग्र ज्ञान. 'एड्स' हा शब्द ऐकलेल्यांपैकी बहुतेकांना एवढेही ठाऊक नाही.

आजार बदलला, भीती तीच राहिली

१९९० च्या दशकात एचआयव्ही म्हणजे मृत्यू, असे समीकरण होते. ते तेव्हा बहुतांशी खरेही होते. आता ते खरे नाही. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्ये आणि दिल्लीत सरकारी केंद्रांतून एआरटी, म्हणजे विषाणूप्रतिबंधक औषधे मोफत देण्यास सुरुवात झाली. प्रारंभी प्रतिकारशक्ती ठराविक पातळीच्या खाली गेल्यावरच औषधे सुरू होत. २०१७ पासून, संसर्ग निश्चित होताच प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २०२० पासून डोल्युटेग्रॅव्हिर या अधिक प्रभावी औषधाचा समावेश असलेली, दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

एचआयव्ही हा विषाणू आहे. एड्स ही त्याने प्रतिकारशक्ती खालावल्यानंतरची अवस्था आहे. नियमित औषध घेणारी व्यक्ती त्या अवस्थेपर्यंत न जाता दीर्घ आयुष्य जगू शकते. औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत आढळणार नाही इतके कमी झाले आणि तसे टिकून राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे. उपचार नसल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते.

हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, सामायिक सुया आणि आईकडून बाळाला, याच मार्गांनी पसरतो. लोकलच्या गर्दीने, एका ताटात जेवल्याने, चाळीतील सामायिक शौचालयाने वा डास चावल्याने तो पसरत नाही. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि त्यांपैकी जवळपास ४ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. म्हणजेच हा प्रश्न ओसरला असला तरी सरलेला नाही. औषध मोफत आहे, पण ते घेण्यासाठी आधी तपासणी करावी लागते आणि तपासणीसाठी आधी कोणाशी तरी बोलावे लागते. नेमके तेथेच घोडे अडते.

कर्व्यांपासून २००७ पर्यंत

या विषयावर मराठीतून निर्भीडपणे बोलण्याची परंपरा जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. कर्व्यांना दंड झाला. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद मात्र आजही लागू पडतो.

त्यानंतर ७३ वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला. शिक्षकांसाठीच्या साहित्यातील चित्रांना आक्षेप घेतला गेला आणि कार्यक्रम थांबवला गेला. इतर काही राज्यांनीही तेच केले. साहित्यात सुधारणा करता आली असती. शिक्षणच थांबवले गेले. त्या वर्षी आठवी-नववीत असलेली मुले आज तिशीत आहेत आणि त्यांच्यातील अनेकांची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. ज्यांना शाळेने सांगितले नाही, त्यांनीच आता घरी सांगायचे आहे.

२०२० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमातील ११ विषयांत प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध यांना स्थान मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बालकांच्या लैंगिक शोषणासंबंधीच्या एका निकालात, लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना असल्याचा समज चुकीचा असल्याचे नमूद करून सर्वंकष शिक्षणाची गरज अधोरेखित केली. दिशा योग्य आहे, परंतु शिक्षकाने तो धडा संकोचाने उलटून पुढे गेले, तर कागदावरच्या अभ्यासक्रमाचा उपयोग नाही.

सातासमुद्रापारही तोच प्रश्न

डोंबिवलीतील अनेक घरांतील मुले आज परदेशी स्थायिक आहेत. तेथे तरी हा अबोला सुटतो का? टोरांटोत १९८९ मध्ये 'अलायन्स फॉर साउथ एशियन एड्स प्रिव्हेन्शन' ही संस्था आणि लंडनमध्ये १९९१ मध्ये 'नाझ प्रोजेक्ट' सुरू झाले, ते याच प्रश्नातून. त्या देशांत माहितीपत्रके होती, दवाखाने होते, शाळेत शिक्षणही होते. तरीही दक्षिण आशियाई कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्या भाषा जाणणाऱ्या, अब्रू आणि लग्नाच्या बाजारातील किंमत या त्यांच्या चिंता समजणाऱ्या स्वतंत्र संस्था उभाराव्या लागल्या. पत्रकाचे भाषांतर पुरेसे नसते, हा त्यातला धडा. कल्याणच्या भोजपुरी भाषक वस्तीत केवळ मराठी पत्रक वाटून काम होणार नाही, ते याच कारणाने.

घरात कोणी, कधी, काय बोलावे

लैंगिक शिक्षण म्हणजे एका संध्याकाळी दार लावून दिलेले व्याख्यान नव्हे. वयानुसार थोडेथोडे सांगत जावे लागते. चार-पाच वर्षांच्या मुलाला अवयवांची सरळ नावे आणि नकोसा स्पर्श झाल्यास लगेच सांगावे, एवढे पुरे. नऊ-दहाव्या वर्षी, पाळी येण्यापूर्वीच, मुलीला तिची माहिती हवी. आणि ती मुलग्यालाही हवी. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटणे, स्वप्नावस्था, आकर्षण यांत विकृत काही नाही, हे कळायला हवे. पुढे निरोध, गर्भधारणा, लैंगिक संसर्ग आणि संमती म्हणजे काय, हे सांगावे. अशी माहिती दिल्याने मुले बिघडतात, ही भीती निराधार आहे. माहिती न मिळालेले मूल ती मोबाइलवर शोधते आणि तेथे त्याला मिळते ते शिक्षण नसते.

आईवडिलांना जमत नसल्यास कुटुंबातील विश्वासाची मावशी वा काका ही जुनी भूमिका पुन्हा घेऊ शकतात. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' केंद्रे आहेत. उत्तर येत नसेल, तर 'मलाही नीट माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू' असे म्हणण्यात कमीपणा नाही. महत्त्व त्या उत्तराइतकेच विचारण्याची मुभा असण्याला आहे.

तपासणी गोपनीय, हक्क कायद्याने

सरकारी व महापालिका रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशक बोलतो आणि अहवाल गोपनीय राहतो. संसर्गानंतर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही. म्हणून धोका संभवलेला असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करून घ्यावी. धोका नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाच्या औषधांनी संसर्ग टाळता येऊ शकतो. त्यासाठी तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. इतर लैंगिक संसर्गांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. १०९७ या मोफत मदतवाहिनीवर नाव न सांगताही माहिती मिळते.

नोकरी जाईल ही भीती स्थलांतरिताला सर्वांत मोठी वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात, काम करण्यास समर्थ असलेल्या व्यक्तीस केवळ एचआयव्ही असल्याने नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. त्या कामगाराची ओळखही न्यायालयाने गुप्त ठेवली. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार आणि भाड्याचे घर यांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरवला आहे. संमतीविना चाचणी करता येत नाही. बाधितांविषयी द्वेष पसरवणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षांचा कारावास होऊ शकतो. आणि ज्या सुनेला अहवाल हाती येताच घराबाहेर काढले जाते, तिच्यासाठी याच कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. बाधित स्त्रीला तसेच अठरा वर्षांखालील बाधित मुलांना सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे.

औषध आहे, कायदा आहे, केंद्रे आहेत. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या हजारो खोल्यांत आता उरले आहे ते पहिले वाक्य. लोकलमधला तो कागद मुलाने पुन्हा वाचला, तर खिडकीबाहेर बोट दाखवण्याऐवजी 'घरी गेल्यावर सांगते' एवढे म्हटले, आणि घरी गेल्यावर ते खरोखरच सांगितले, तरी पुष्कळ होईल.